वाफसा येईपर्यंत

मी आयुष्यभर लोकांच्या घरापुढं गवत लावलं. असा काही धंदा असू शकतो हे आमच्या गावी कुणाला पटलं नाही. कुडाळकडे गवत काढतात, लावत नाहीत. कुणी विचारलंच तर माझी आई सांगायची, "तो मुंबयत झाडां लावता." गवत म्हणायची तिला लाज वाटायची.

गिऱ्हाइकं त्याला लॉन म्हणत. ऐंशीच्या दशकात उपनगरांच्या कडेकडेनं नवी घरं उठत होती. बोरीवलीला खाडीच्या अंगाला, मुलुंडला, घाटकोपरला, कुठं बैठी घरं, कुठं जोडबंगले, कुठं एकाच खात्यातल्या अधिकाऱ्यांची सोसायटी. ज्याच्या दाराशी वीस फूट जागा मोकळी उरे त्याला तिथं हिरवळ हवी असे. मी गोरेगावला एका नर्सरीत कामाला होतो, तिथून बाहेर पडून चार माणसं हाताशी धरली आणि हिरवळीची कामं घ्यायला लागलो.

बाहेरच्या माणसाला वाटतं, गवताचं काय एवढं, ते कुठंही उगवतं. खरं आहे, नको असेल तिथं कुठंही उगवतं. नव्या घरापुढं मात्र उगवत नाही, कारण तिथं माती म्हणून जे असतं ती माती नसतेच. घराचा पाया खणताना वरची चांगली माती खाली गाडली जाते आणि दहा फुटांखालची चिकण माती वर येते. बिल्डर ती उचलून न्यायचा खर्च कशाला करील? तो ती अंगणात पसरतो, वरून रोलर फिरवतो आणि मालकाच्या हातात किल्ली देतो. ही माती उन्हाळ्यात दगडासारखी आणि पावसाळ्यात डिंकासारखी. पाणी घातलं तर वरच तुंबतं. मुळं आत शिरत नाहीत, शिरली तर गुदमरून मरतात.

तिच्यावर इलाज आहे, पण तो झटपट नाही. शेणखत, पालापाचोळा, भाताचं तूस असं कुजणारं काहीतरी तिच्या पोटात घालायचं आणि थांबायचं. थांबणं गिऱ्हाइकाला परवडत नाही आणि आम्हा कंत्राटदारांनाही. म्हणून आम्ही सगळेच वरून लाल मातीचा थर पसरून त्यात हरळी टोचत होतो. गणपतीला दूर्वा म्हणून वाहतात तीच ही हरळी. पहिलं वर्ष सगळं झकास दिसायचं. दुसऱ्या वर्षी बोंब झाली की आम्ही आधी पाण्याला दोष द्यायचो, मग किडीला आणि शेवटी गिऱ्हाइकाच्या कुत्र्याला.

लबाड्याही केल्या. गोरेगावच्या एका स्टुडिओत शूटिंगसाठी दोन दिवसांची बाग हवी होती. आम्ही लाकडी ट्रेमध्ये वाढवलेलं गवत खडीवर मांडून दिलं. शूटिंग संपल्यावर तेच ट्रे मुलुंडला एका मुंजीसाठी भाड्यानं दिले, कडा मातीनं झाकून. यजमान आल्या-गेल्याला सांगत होते की तीन महिने मेहनत घेतली आहे. चार दिवसांनी आम्ही ट्रे उचलायला गेलो तेव्हा समोरच्या घरातल्या बाई गॅलरीतून म्हणाल्या, "काय हो, गवत धुवायला नेताय का?"

अशा गोष्टी पुष्कळ आहेत आणि चारचौघांत मी त्याच सांगतो. मेश्राम साहेबांच्या घरची गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही.

मेश्राम साहेब सरकारी खात्यात वरच्या हुद्द्यावर होते. निवृत्तीला दोन-तीन वर्षं उरली होती. मूळचे विदर्भातले, बौद्ध कुटुंब. बोरीवलीत खाडीकडच्या बाजूला त्यांच्या खात्यातल्या लोकांनी सोसायटी केली होती, तिथं त्यांनी घर बांधलं. घरात ते, त्यांच्या पत्नी आणि म्हातारी आई. मुलगी लग्न होऊन गेली होती. घरापुढं चाळीस फूट लांब आणि तीस फूट रुंद अशी मोकळी जागा. मी पहिल्यांदा गेलो तो जानेवारीचा महिना होता. साहेबांनी मला जागा दाखवली आणि म्हणाले, "परब, वैशाखात बुद्धपौर्णिमा येते. आमचे शंभरेक लोक जमतील. त्या दिवशी इथं हिरवळ पाहिजे. आणि माझी आई त्या हिरवळीच्या मधोमध बसलेली पाहिजे."

मी सवयीनं हसून म्हटलं, "बसतील की साहेब, खुशाल बसतील."

ते हसले नाहीत. म्हणाले, "आमच्या गावाजवळ डाक बंगला होता. त्याच्यापुढं लॉन होतं. माझी आई तिथं निंदायला जायची. दिवसभर उकिडवं बसून तण उपटायचं. दुपारची भाकर खायला मात्र फाटकाबाहेर, रस्त्याच्या कडेला. आमच्या बायकांनी गवतावर बसायचं नाही, गवत विटाळतं म्हणे." एखाद्या फायलीतला मजकूर वाचावा तशा आवाजात ते हे बोलले. "मी हे पाहिलं आहे. म्हणून तुम्हाला सांगतोय, बाकी काही कमीजास्त झालं तर चालेल, तारीख चुकवू नका."

मी मान खाली घालून जागेला टेप लावला. आमच्याही गावात कोण कुठं बसतं आणि कुठं बसत नाही हे मला लहानपणापासून पाठ होतं. 

आजी पायरीवर बसल्या होत्या. पंच्याहत्तरीच्या असतील. काटकुळ्या, नऊवारी लुगडं वर खोचलेलं, हातावर गोंदण. त्यांना त्या लॉनचं काडीचंही कौतुक नव्हतं. "बसाले ओटा हाये की," असं त्या लेकालाच ऐकवत होत्या. त्यांचं सगळं लक्ष मातीकडे. जागा त्यांच्या नावावर घेतली होती आणि त्या तिला वावर, म्हणजे शेत, म्हणत. चाळीस बाय तीसचं वावर! सून हसायची, मीही हसलो. जन्मभर त्या दुसऱ्यांच्या शेतात राबल्या होत्या, स्वतःच्या नावावर वीतभर जमीन कधी नव्हती, हे मला तेव्हा ठाऊक होतं आणि तरी मी हसलो.

फेब्रुवारीत काम सुरू केलं. माझी चारही माणसं कोकणातली, त्यातली दोन गिरण्या बंद पडल्यावर माझ्याकडे आलेली. मुकादम बाबल, तो माझ्याच गावचा. चिकण माती इतकी टणक झाली होती की पिकाव टाकला की उसळून वर यायचा. दोन दिवसांत सगळ्यांच्या हातांना फोड आले. तिसऱ्या दिवशी बाबल म्हणाला, "भाऊ, पाणी सोडूया. भिजली म्हणजे माती ऐकात." मला ते पटलं. आम्ही कडेनं बांध घातले, पाण्याचा टँकर मागवला, जागा भरून टाकली आणि दुसऱ्या दिवशी चौघंही आत उतरले.

आता हे आमच्याच लोकांच्या हातून होऊ शकतं असं काम आहे. कोकणात भाताच्या खाचरात पाणी टिकून राहावं लागतं, म्हणून लावणीच्या आधी चिखल करतात. माती तुडवून तुडवून तिची सगळी भोकं बुजवायची, म्हणजे खालून पाणी निघून जात नाही. ते आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही, चालायला लागल्यापासून आमच्या पायांना ते येतं. चौघं एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून पोटऱ्यांपर्यंत चिखलात फिरत होते. गिरणीतल्या दोघांना तर गिरणी सुटल्यापासून मी इतकं आनंदात पाहिलं नव्हतं. बाबल ओरडून म्हणाला, "भाऊ, बघा तरी, चिखल लोण्यासारखो झालो!"

आजी पायरीवरून उठून आल्या. "अरे बापू," त्या मला म्हणाल्या, "वल्ल्या मातीत नको नाचू. हे भाताची माती नाही, काळी हाये. वाफसा येऊ दे, मंग हात लाव."

वाफसा हा शब्द मी ऐकला होता, पण आमच्याकडे त्याचं फारसं काम पडत नाही. माती धड ओली नाही आणि धड कोरडी नाही, हात लावावा तर मोकळी होते, अशी एक वेळ असते, तिला वाफसा म्हणतात. काळ्या जमिनीचे शेतकरी त्या वेळेसाठी दिवस दिवस थांबतात. हे सगळं मला नंतर कळलं. त्या दिवशी मी म्हटलं, "आजी, तुम्ही बसा. आम्हीपण शेतकरीच आहोत."

एवढंच बोललो, पण मनात आणखी काही होतं. ते आज लिहितानाही लाज वाटते, पण ते गाळून ही गोष्ट सांगण्यात काही अर्थ नाही. मनात आलं की ही दुसऱ्याच्या शेतावर मजुरी करणारी बाई, हिला शेतीतलं काय कळणार. आणि त्याच्याही खाली, जिभेवर कधी आलं नसतं असं, तिच्या जातीचं काहीतरी होतं. आजी पायरीवर पितळी कळशी भरून ठेवायच्या, वर झाकण आणि त्यावर पेला. उन्हात राबणारी चार माणसं आणि मी, आम्ही समोरच्या अर्धवट इमारतीच्या नळावर जाऊन पाणी प्यायचो. तसं कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. संध्याकाळी आजी ती भरलेली कळशी उचलून आत न्यायच्या आणि सकाळी पुन्हा भरून ठेवायच्या.

आम्ही फळी फिरवून चिखल आरशासारखा सपाट केला, सुकू दिला, त्यावर वसईकडची लाल माती पसरली आणि हरळी टोचली. महिन्याभरात हिरवं दिसायला लागलं. साहेब ऑफिसला जाताना फाटकापाशी थांबून पाहायचे. मी छाती काढून फिरायचो.

एप्रिलमध्ये सगळं बिघडलं. खालचा चिखल पक्क्या कौलासारखा झाला होता. घातलेलं पाणी लाल मातीच्या थरात तुंबून राहायचं, त्याला कुबट वास यायला लागला. कुठं पाणी कमी करावं तर खालची माती आकसून भेगा पडायच्या आणि त्या भेगांत हरळी मुळासकट तुटून लोंबायची. मी खत घातलं, औषध मारलं, पुन्हा हरळी टोचली. माझी पार वाट लागली होती, पण तोंडावर दाखवत नव्हतो.

पौर्णिमेला जागा गजकर्ण झालेल्या अंगासारखी दिसत होती. लोक आले. पांढऱ्या कपड्यातली माणसं, बायका, मुलं. वंदना घरात झाली, जेवणाच्या पंगती गच्चीवर बसल्या, खुर्च्या रस्त्यावर मांडल्या. जागेच्या मधोमध कुणी बसलं नाही, बसण्यासारखं तिथं काही नव्हतंच. आजी ओट्यावर बसून सगळ्यांशी बोलत होत्या, त्यांना काहीच कमी वाटत नव्हतं. साहेबांचा चेहरा मात्र मला पाहवत नव्हता. ते रागावतील म्हणून मी तयारी करून गेलो होतो. ते फक्त म्हणाले, "परब, जेवून जा." मी त्या घरी पहिल्यांदा पाणी प्यायलो आणि जेवलो ते त्या दिवशी. समज आली म्हणून नव्हे, नाही म्हणायला तोंड उरलं नव्हतं म्हणून. निघताना मी आणखी एक थाप मारली, "पाऊस पडू दे साहेब, सगळं हिरवं होईल."

पावसाळ्यात तिथं तळं झालं. कौलासारख्या थरावर पाणी साचलं ते हटेचना. उरलीसुरली हरळी कुजली आणि बेडूक ओरडायला लागले. जुलैत साहेबांचा निरोप आला, येऊन बघून जा. मी एकटाच गेलो. साहेब ऑफिसात होते. आजी ओट्यावर बसून ते तळं पाहत होत्या. मला पाहून म्हणाल्या, "ये बापू. आता भात लाव."

मला हसू आलं. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, ते का आलं मला कळलं नाही. मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसलो आणि विचारलं, "आजी, वाफसा आला हे ओळखायचं कसं?"

त्यांनी मला मागचं काही ऐकवलं नाही. आधी पाणी काढून दे म्हणाल्या. आम्ही जागेच्या दोन बाजूंनी चर खणून ते गटारापर्यंत नेले, लाल मातीचा चिखल उपसून काढला. पाच-सहा दिवसांनी पावसानं उघडीप दिली. मग मी रोज सकाळी गोरेगावहून बोरीवलीला जायचो, त्या मातीतली एक मूठ उचलायचो, दाबायचो आणि आजींना नेऊन दाखवायचो. पहिल्या दिवशी माती तळव्याला चिकटली. "नाही," आजी म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी बोटांना चिकटली. "नाही." तिसऱ्या दिवशी गोळा झाला, पण अंगठ्यानं दाबला तर चपटा व्हायचा. "आज नाही." चौथ्या दिवशी पाऊस आला आणि सगळं पहिल्यापासून.

बाबल वैतागला. "भाऊ, हातात काम नाय, आणि तुमी रोज मूठभर माती घेवन त्या म्हातारेक काय दाखवतास?" मी त्याला म्हटलं, "बाबल, आता तिनं हो म्हटल्याशिवाय मी कुदळ लावणार नाही. तुला दुसरीकडे जायचं तर जा." तो गेला नाही. दोन शिव्या हासडून तिथंच बसून राहिला.

पुन्हा उघडीप आली. त्यानंतरच्या चौथ्या का पाचव्या दिवशी आजी स्वतः अनवाणी खाली उतरल्या. टाचेनं माती दाबून पाहिली, एक मूठ उचलली, तिचा लाडू वळला आणि कमरेच्या उंचीवरून सोडून दिला. लाडू पडला आणि त्याचे चार तुकडे झाले. त्या खाली बसल्या, एक तुकडा बोटांत चुरला, तर भाजलेल्या रव्यासारखा भुरभुर सुटला. "पाह्य," त्या म्हणाल्या, "आता लाव हात. उद्याले नको ठेवू, उद्या वखत जाईन."

त्या दिवशी जे पाहिलं ते मी पंधरा वर्षांच्या कामात पाहिलं नव्हतं. ज्या मातीवरून पिकाव उसळला होता, जिच्यात आम्ही लोण्यासारखा चिखल केला होता, तीच माती कुदळीचा घाव बसला की आपोआप उलगडत होती. दुपारी बाबलनं मला हळूच विचारलं, "भाऊ, ही तीच माती काय?" मग तो पायरीपाशी गेला, कळशीवरचं झाकण काढलं आणि पेलाभर पाणी प्यायला. बाकीचे तिघं त्याच्या मागून गेले. आजी दुसरीकडे पाहत होत्या.

तबेल्यातून कुजलेलं शेणखत आणलं, भाताचं तूस आणलं, सगळं त्यात मिसळलं. मी हरळी लावायचं बोललो तेव्हा आजींनी हात हलवला. "भुकेली हाये थे. आधी तिले खाऊ घाल." त्यांनी गावाहून तागाचं बी मागवून घेतलं होतं. ताग पेरायचा, तो छातीएवढा वाढला आणि फुलावर आला की कापून तिथंच गाडायचा. त्याची मुळं माती फोडतात आणि कुजलेला पाला तिला मऊ करतो. "दाणा नको धरू देऊ," त्यांनी मला बजावलं. "काडी जून झाली का कुजत नाही. फुलावर आला का गाडून टाक. जीव नको लावू त्याले."

पेरणी त्यांनीच केली. आम्ही करतो म्हटलं तर ऐकलं नाही. पदराचा ओचा करून त्यात बी घेतलं आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत मुठीनं उधळत गेल्या. वय झालं होतं, चाल संथ होती, पण हात एकसारखा फिरत होता. साहेब ऑफिसचे कपडे घालून दारात उभे राहून पाहत होते. त्यांना उशीर होत होता, तरी हलले नाहीत. शेवटच्या कोपऱ्यात आजींच्या ओच्यात बी थोडं जास्त उरलं, ते त्यांनी तिथंच झटकून टाकलं. मग ओट्यावर येऊन बसल्या आणि लेकाला म्हणाल्या, "झाली पेरणी आपल्या वावरातली."

साहेबांनी मला फाटकापाशी गाठून विचारलं, "पुढच्या पौर्णिमेला?" मी हिशेब केला. सप्टेंबरअखेर ताग गाडायचा, दोन-तीन आठवडे कुजू द्यायचा, दिवाळीच्या आसपास हरळी. "नक्की साहेब," मी म्हटलं. या खेपेला ती थाप नव्हती.

ताग चांगला उगवला. मी गणपतीला गावी गेलो तेव्हा तो कमरेएवढा होता. परत आलो आणि स्टेशनवरून सामानासकट आधी त्यांच्याच घरी गेलो. ओटा रिकामा होता. बाहेर मांडवाच्या खुर्च्या एकावर एक रचून ठेवल्या होत्या. आजींना तीन दिवस ताप आला आणि चौथ्या दिवशी पहाटे त्या गेल्या, असं सूनबाईंनी सांगितलं. मी पोचलो त्याच्या आठ दिवस आधी. गेलेल्या माणसासाठी करतात तो पुण्यानुमोदनाचा कार्यक्रमही आदल्या दिवशी होऊन गेला होता. ताग छातीएवढा झाला होता.

पुढचं आधीच सांगून टाकतो. त्या जागी हिरवळ झाली. माझ्या हातून तशी दुसरी कधी झाली नाही. भर मे महिन्यात तिच्यावर पाऊल ठेवलं तर टाच आत रुतायची. पुढच्या पौर्णिमेला शंभरावर माणसं तिच्यावर बसली, मुलं लोळली. लोकांनी माझं नाव विचारून घेतलं आणि त्यानंतर मला कामाची ददात पडली नाही. त्यानंतर मी चिकण मातीच्या कोणत्याही जागेवर वाफसा आल्याशिवाय कुदळ लावली नाही आणि ताग गाडल्याशिवाय हरळी टोचली नाही. काही गिऱ्हाइकं या थांबण्यापायी सोडून गेली, त्यांचं मला वाईट वाटलं नाही. वाईट वाटतं ते एवढंच, की हे सगळं आजींनी मला फेब्रुवारीत फुकट सांगितलं होतं.

पण त्याआधी, त्या सप्टेंबरअखेर, ताग फुलला. सगळी जागा पिवळीधमक झाली. जाणारे-येणारे थांबून पाहायचे. मी साहेबांना म्हटलं, आता कापायला हवा. ते म्हणाले, "राहू द्या." मी चार दिवसांनी पुन्हा गेलो. "परब, तिच्या हातची पेरणी आहे. राहू द्या म्हटलं ना." मी परत आलो. त्यांच्याशी वाद घालण्याचा मला काय अधिकार होता? पण झोप लागेना. आणखी आठवड्यानं फाटकातूनच पाहिलं तर खालच्या फुलांच्या जागी हिरव्या शेंगा धरायला लागल्या होत्या. दोन-चार दिवसांत काडी जून झाली असती.

तो रविवार होता. मी विळा आणि कुदळ घेऊन सकाळीच गेलो. साहेब ओट्यावर वर्तमानपत्र घेऊन बसले होते. माझ्या हातातला विळा पाहून त्यांचा चेहरा कठोर झाला.

"साहेब," मी म्हटलं, "आजींनीच सांगितलं होतं, दाणा धरू द्यायचा नाही. आज कापला नाही तर तो कुजणार नाही. मग हे सगळं वाया जाईल."

त्यांनी वर्तमानपत्र पुन्हा वर धरलं. मी तिथंच उभा राहिलो. मग इतके दिवस जे मनात होतं ते बोलून टाकलं. "साहेब, मी त्यांचं फेब्रुवारीत ऐकलं असतं, तर गेल्या पौर्णिमेला हिरवळ झाली असती. निदान बसण्यापुरती तरी झाली असती. त्या मधोमध बसल्या असत्या. त्यांचं ते एक वर्ष माझ्यामुळे गेलं. मी त्यांना अडाणी समजलो. का समजलो, ते तुम्हाला माझ्याहून चांगलं ठाऊक आहे."

मला वाटलं होतं की ते म्हणतील, जाऊ द्या परब, तुमचा काय दोष. मोठी माणसं असं म्हणतात. आपणही ते ऐकण्यासाठीच कबुली देत असतो.

"हो," ते म्हणाले. "बसली असती."

त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली, चष्मा काढून त्यावर ठेवला आणि पायरी उतरून माझ्यापाशी आले. हात पुढे करून म्हणाले, "विळा कसा धरतात, दाखवा."

"साहेब, मी कापतो."

"दाखवा. तिनं मला कधी हातात घेऊ दिला नाही. शेतावर नेलं तरी बांधावर बसवायची, पुस्तक घेऊन. म्हणायची, तू याले हात लावला तर माह्यं सारं जिणं वाया गेलं."

मी दाखवलं. डाव्या हातात मूठभर काड्या धरायच्या, विळा बुंध्यापाशी न्यायचा, आपल्याकडे ओढायचा. त्यांना जमेना. सुरुवातीला फार वरून कापत होते, काड्या फाटत होत्या. "खाली साहेब, आणखी खाली वाका," मी सांगत राहिलो. घरातले पांढरे कपडे मातीनं भरले. बोटाला विळा लागला, त्यावर त्यांनी रुमाल गुंडाळला आणि पुढे कापत गेले. मी त्यांच्या मागून चर खणत होतो, ते कापून देतील तसा ताग चरात अंथरत होतो आणि वर माती ओढत होतो. सूनबाई एकदा दारात आल्या, पाहिलं आणि आत गेल्या.

दुपारपर्यंत सगळी जागा मोकळी झाली. फक्त शेवटच्या कोपऱ्यातला दाट पुंजका उरला, जिथं आजींनी ओच्यातलं उरलेलं बी झटकलं होतं. तिथं साहेब थांबले. कमरेवर हात ठेवून उभे राहिले, धापा टाकत. मला वाटलं, आता म्हणतील, एवढा ठेवा. म्हणाले असते तर मी हो म्हटलं असतं. त्यांनी बाहीनं तोंड पुसलं, खाली वाकले, बुंध्याशी विळा नेला आणि तोही कापून माझ्या हातात दिला.